दूधकांदीचा दोरा

डोळे मिट. घट्ट नको मिटूस, पापण्यांतून थोडा उजेड येऊ दे. आता माझ्याबरोबर चल.

फुलसावंगीचा बाजार मागे टाकला की रस्ता आधी डांबरी असतो, मग खडीचा होतो, मग नुसती बैलगाडीची चाकोरी उरते. काळी जमीन संपून पायाखाली मुरूम लागतो. समोर सागाची टेकडी दिसते, तिला भोरटेक म्हणतात. पायथ्याशी बंजारा लोकांचा एक तांडा आहे, पण तिथे आपण नंतर जाऊ. आधी टेकडी चढू. पावसाळा सरत आला आहे. गवत तुझ्या कमरेला लागतं आहे, आणि सागाची पानं एवढी मोठी आहेत की एक पान डोक्यावर धरलं तर छत्री नको.

आता मान खाली घाल आणि गुडघ्याच्या उंचीवर बघत चल. दिसला? त्या धायटीच्या फांदीला लाल दोरा बांधला आहे. पलीकडे मुरडशेंगेच्या झुडपाला पिवळा आहे. खडकाजवळच्या झुडपाला लाल आणि निळा एकत्र पिळलेला. अशा कितीतरी गाठी या टेकडीवर होत्या. होत्या म्हणालो, हे लक्षात ठेव.

प्रत्येक दोऱ्याच्या बुडाशी, जमिनीत, एक कांदी, म्हणजे छोटा कंद, असे. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. का, ते गोष्ट संपली की तुझं तुलाच कळेल. आपण तिला दूधकांदी म्हणू. मृगात तिला दोन पानं फुटत. भाद्रपदात पांढरं फूल येई. दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडून मातीला मिळत आणि मग ती कुठे होती हे कुणाला सांगता येत नसे. ज्या बाळंतिणीला दूध उतरत नसे तिला ही कांदी वाळवून, कुटून, ज्वारीच्या पातळ घाट्यात शिजवून देत. तांड्यातली कितीतरी माणसं त्या घाट्यावर वाचली, असं मोतीबाई सांगायची.

मोतीबाई ही तांड्याची सुईण. ती अजून जुना काचेच्या भिंगांचा घागरा घालत असे. तिच्यामागे टेकडीवर हिंडायची केसुला, चौथीतली पोरगी. पळसाच्या फुलाला तांड्यात केसुला म्हणतात. ही शिमग्याच्या आसपास जन्मली, टेकडी लाल झाली होती, म्हणून तिचं नाव तेच ठेवलं. त्या दोघी आपसात त्यांच्या गोरबोलीत बोलत. मी तुला कळेल अशा वऱ्हाडीत सांगतो.

"खालचा तुकडा आपला, वरचा तिचा," मोतीबाई कांदी मोडून दाखवायची. "डोळा वरच्या तुकड्यात असते. थो परत मातीत ठेवाचा. अशी उलटी नको ठेवू व! तुह्या बापावानी डोक्यावर उभी राहीन ते."

केसुला हसायची. मग मोतीबाई घागऱ्याच्या शिवणीतून एक दोरा ओढून काढायची आणि जवळच्या झुडपाला गाठ मारायची.

"दोरा कायले, काकी?"

"दुसरीले कळलं पाहिजे ना, इथून घेतलं म्हणून. तुह्या याडीचा लाल, माहा लाल-निळा. ऊन लागून लागून रंग उडते. दोरा पांढरा झाला की समजाचं, कांदी पुन्हा भरली. तवरोक हात लावाचा नाही."

"अन् लावला तं?"

मोतीबाई तिच्याकडे बघतच राहिली. जणू पोरीनं पाणी वर का वाहत नाही असं विचारलं होतं.

"कायले लावीन कोणी? दोरा दिसते ना."

याडी म्हणजे आई. तांड्यातल्या प्रत्येक बाईचा रंग वेगळा, आणि सगळ्यांचे रंग सगळ्यांना पाठ. पुरुषांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. बाळंतिणीच्या गोष्टी पुरुषांपुढे बोलायच्या नाहीत, असा तांड्याचा शिरस्ता होता. त्यांना वाटे, बायांनी नवस बोलून दोरे बांधले असतील. बाया त्यांना तसं वाटू देत.

केसुलाला टेकडी आवडायचीच, पण तिथे जाण्याला त्या वर्षी आणखी एक कारण होतं. तिची आई जानकी पोटुशी होती. केसुला झाली तेव्हा जानकीला दुधाचा थेंब नव्हता. दूधकांदीचा घाटा दिला तेव्हा दूध आलं आणि पोरगी जगली. तिच्या पाठीवर एक मुलगा झाला, पण तो आषाढात. जुनी वाळवलेली कांदी पावसाळा धरत नसे, आणि नवी कोवळी, पाण्यानं भरलेली होती, तिचा गुण आला नाही. मुलगा गेला. केसुलाला त्याचा चेहरा आठवत नव्हता. त्याचं रडणं आठवत होतं.

"यावेळचं दिवाळीच्या मांगून हाये," मोतीबाई जानकीला सांगायची. "कांदी पिकेल राहीन. तू घोर नको लावून घेऊ."

केसुला ते ऐकायची आणि टेकडीवर गेली की पांढरे पडलेले दोरे हेरून ठेवायची. हा भावासाठी. तोही भावासाठी. भाऊच होणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

हे साधारण दोन हजार चार-पाच सालचं. त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात कापसाचं काय झालं ते तुझ्या घरी कुणालाही विचार. या तांड्याच्या आसपासच्या शेतांत त्या साली बोंडं धरली, पण आतून अळीनं पोखरून काळी पडली. कापूस वेचायलाच नव्हता, तर वेचणीला बाया कोण बोलावणार? दसरा झाला तसे तांड्यातले गडी ऊसतोडीला निघून गेले. केसुलाचा बाप रामधनही गेला. जानकीचे दिवस भरत आले होते, म्हणून ती मागे राहिली.

पण मी थोडा पुढे गेलो. दसऱ्याच्या आधी, भाद्रपदात, जीप आली होती. ते सांगायला हवं.

जीपमधून ममता मॅडम उतरली. ती हैदराबादच्या एका औषध कंपनीत होती, पण मूळची आपल्याच नेरकडची, त्यामुळे तिला भाषा येत होती. रानातल्या झाडांत औषध सापडतं का, हे शोधणं तिचं काम. तिनं शाळेत विचारलं, टेकडी कुणाला माहीत आहे? सगळ्या पोरांनी केसुलाकडे बोट दाखवलं.

काही दिवस दोघी टेकडीवर हिंडल्या. ममता मॅडम वर्तमानपत्रात झाडाची डहाळी ठेवून दाबायला शिकवायची, भिंगातून फुलातली धूळ दाखवायची. केसुलाला कुणी कधी इतकं दाखवलं नव्हतं, आणि तिला कुणी कधी इतकं विचारलंही नव्हतं.

"हे दोरे कशाचे ग? नवसाचे?"

"नवसाचे पोट्टे समजतात," केसुला तोऱ्यात म्हणाली.

"मग?"

केसुलानं सांगितलं. खालचा तुकडा, वरचा तुकडा, डोळा, रंग, घाटा, सगळं. यात लपवण्यासारखं काही आहे असं तिच्या मनातही आलं नाही. दोरे मुळी दुसऱ्याला कळावं म्हणूनच तर बांधलेले होते. ज्याला दोरा कळतो तो दोरा पाळतो, असंच तिनं आजवर पाहिलं होतं.

"हे फार छान आहे ग," ममता पेन उघडत म्हणाली. "हे मी लिहिणार."

"माहं नाव बी लिहा."

"तुझंच आधी लिहिते."

"अन् मग तुम्ही काय करान या कांदीचं?"

"मशीनमध्ये तपासायची. आत काय आहे ज्यानं दूध येतं, ते सापडलं तर त्याच्या गोळ्या करता येतील. मग एका तांड्यालाच कशाला, साऱ्या दुनियेतल्या बाळंतिणींना मिळतील."

"साऱ्या दुनियेले पुरंन काय इतकी कांदी?"

ममता हसली. "तेव्हा कांदी नाही लागत. कारखान्यात बनवतात. आत्ता फक्त नमुना. एवढासा."

आणि तिनं खरंच एवढासाच घेतला. केसुलानं दाखवलं तसे डोळे परत मातीत ठेवले. स्वतःच्या ओढणीचा हिरवा दोरा काढून झुडपाला बांधला. ममता वाईट बाई नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीत एक वाईट माणूस सापडला की आपल्याला बरं वाटतं, सगळं त्याच्यावर टाकून मोकळं होता येतं. या गोष्टीत तसं कुणी नाही. तू शोधत बसशील, पण सापडणार नाही.

दसऱ्यानंतर खेमसिंगचा टेम्पो तांड्याच्या लिंबाखाली येऊन थांबला.

खेमसिंग तांड्यातलाच. टेम्पोतून लोकांचा कापूस बाजारात नेऊन तो पोट भरायचा, आणि आता कापूस नव्हता. त्या कंपनीतल्या कुणाला तपासणीत काहीतरी चांगलं दिसलं होतं आणि त्यांना पोत्यांनी कांदी हवी झाली होती. त्यांनी पुसदकडच्या एका व्यापाऱ्याला सांगितलं, व्यापाऱ्यानं खेमसिंगला. खेमसिंगनं लिंबाच्या फांदीला काटा टांगला.

"या माय, या! कापूस नाही तं कांदी वेचा. रोख पैसे, वजनावर."

"काहून रे खेमसिंग," मोतीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली, "तुले कुठून समजलं कांदीचं?"

"काकी, तुम्ही बायांनी आम्हाले बरं येड्यात काढलं. नवसाचे दोरे म्हणे! अवं, मी सोता हात जोडून गेलतो त्या झुडपाले. पोरगं दहावी पास होऊ दे म्हणून."

"अन् झालं काय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"नापास झालं. मले तवाच समजाले पायजे होतं."

बाया हसल्या. खेमसिंगही हसला.

"कंपनीतून निरोप हाये," तो म्हणाला. "जिथं दोरा, तिथं कांदी. शिकेल लोकायनं लिवून देल्लं."

केसुला आईच्या मागे उभी होती. ती आणखी मागे सरकली.

"हे पाहा," मोतीबाई बायांना म्हणाली, "जाता तं जा. पण ताज्या दोऱ्याले हात नका लावू. पांढरा असन तिथंच खोदा. अन् डोळा परत ठेवा."

"काकी, असं पाह्यत बसलो तं होळी येईन," खेमसिंग म्हणाला. "अन् आपण नाही खोदलं तं खालच्या गावातले काय सोडून राह्यले? उद्या येतातच ते. त्यायले सांगजा तुमचे लाल-पिवळे."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी खालून एक ट्रॅक्टर भरून माणसं आली. त्यांना कुणाचा रंग कोणता हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते दोरा बघत आणि कुदळ मारत. तांड्यातल्या बायांनी पहिल्या सकाळी डोळे परत ठेवले. दुपारी त्यांनी पाहिलं की मागून येणारा तो डोळाही उकरून पोत्यात टाकतो आहे. त्यालाही वजन होतं. मग संध्याकाळी कुणीच काही परत ठेवलं नाही. वेचणी नव्हती, घरात गडी नव्हते, आणि काटा लिंबाला टांगलेला होता.

मोतीबाई घरातून बाहेर पडली नाही. पण तिचे लाल-निळे दोरे सगळ्यांत जास्त होते. सगळ्यांत जास्त खड्डे तिच्याच दोऱ्यांखाली पडले.

जानकी जड पावलांनी टेकडीच्या खालच्या अंगाला बसून खोदायची. केसुला पाटी वाहायची. संध्याकाळी मात्र दोघी काही चांगल्या भरलेल्या कांद्या बाजूला काढून एका गाडग्यात ठेवत. गाडगं चुलीमागे असे. केसुला शाळेतून आली की आधी त्यात हात घालून बघायची. थंड, गुळगुळीत, भरलेल्या. टेकडीवरचे दोरे तिला आता मोजवत नव्हते, पण गाडगं होतं.

शेवटच्या दिवशी टेम्पो पुरता भरला नव्हता. व्यापाऱ्याचा माणूस येऊन बसला होता. खेमसिंग घरोघर हिंडून सांगू लागला, घरात ठेवली असन तं द्या, आता देईन तिले दुप्पट. मग गाडी काही येत नाही.

जानकी चुलीपाशी उठली आणि गाडग्याकडे बघत राहिली. ज्वारीचा डबा उपडा करून ठेवलेला होता.

"याडी, थे नाही," केसुला म्हणाली. "थे आपल्या भावाची हाये."

"भाऊ पोटात हाये अजून. पोटालेच काही नसलं तं..." जानकीनं वाक्य सोडून दिलं. मग जरा हसून म्हणाली, "टेकडी कुठं पळून चालली काय, पोरी? दिवाळी झाली की तू अन् मोतीकाकी जाजा. दोन-चार आणजा शोधून. मले किती लागते?"

तिनं गाडगं उचलून नेलं. परत येताना पदरात ज्वारी होती. त्या रात्री तिघींनी पोटभर भाकरी खाल्ली. मोतीबाईलाही तिनं बोलावलं होतं. जानकीला दोष देऊ नकोस. भरल्या पोटी आपण बसलो आहोत, तू आणि मी.

दिवाळी झाली. भाऊच झाला. काळ्याभोर जावळाचा, मुठी आवळलेला. आणि जानकीला दूध आलं नाही.

मोतीबाईनं मेथी दिली, शेक दिला, जे जे होतं ते केलं. मग तिनं केसुलाला हाक मारली. दोघी टेकडीवर गेल्या.

इथे जरा थांब. तुला पुन्हा डोळे मिटायला सांगतो. सुरुवातीला आपण ज्या वाटेनं आलो तीच वाट आहे. गवत वाळलं आहे. गुडघ्याच्या उंचीवर बघ. दोरे सगळे जिथल्या तिथे आहेत. लाल, पिवळे, लाल-निळे, तो एक हिरवाही. दोरा कुणीच तोडलेला नाही. तोडण्याची गरजच काय होती? आणि प्रत्येक दोऱ्याखाली एक खड्डा. मोतीबाई एकेका खड्ड्यात हात घालून माती चाचपायची, पुढच्या खड्ड्याकडे जायची. दुपार कलली तेव्हा ती एका दगडावर बसली. हातातली माती तिनं झटकली नाही.

"काकी, तिकडं पाहू."

"पाह्यलं, पोरी."

"वरतं पाहू."

"तू पाहून ये. माह्यानं नाही होत."

केसुला वर जाऊन आली, पण पानं कधीच मातीला मिळाली होती. मग ती धावत खाली गेली ती थेट खेमसिंगच्या घरी.

"खेमसिंगकाका, एक तरी राह्यली असन ना? भाऊ रडून राह्यला."

खेमसिंग जेवत होता. तो ताट सरकवून उठला. कंदील घेऊन टेम्पोत चढला, गुडघ्यांवर बसला आणि फळ्यांच्या फटीफटीतून बोटं फिरवू लागला. बराच वेळ. माती निघाली, वाळली सालं निघाली. शेवटी कोपऱ्यात एक सुरकुतलेली कांदी मिळाली, बोराएवढी. ती त्यानं केसुलाच्या हातावर ठेवली.

"गाडी त हैदराबादले गेली व," तो म्हणाला. "मले काय माहीत..." मग त्यानं आपल्या शेळीच्या दुधाचा गडू दिला. ती शेळी आटत आली होती, तरी तो रोज देत राहिला, जोवर निघालं तोवर.

त्या एका कांदीचा घाटा दोन घोटांचा झाला. फुलसावंगीहून नर्सबाई आल्या, त्यांनी दुधाची पावडर द्यायला सांगितलं, कशी कालवायची ते नीट समजावलं. डबा आणला. दुसरा डबा आणता येईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून जानकी ती पावडर पातळ कालवायची. बाळाला जुलाब लागले. पुसदच्या दवाखान्यात नेलं, चार दिवस ठेवलं, परत आणलं. त्याचं रडणं बारीक होत गेलं. केसुला रात्री जागी झाली की आधी ते ऐकू येतं का बघायची. ऐकू आलं की झोपायची.

मग थंडीत एका सकाळी ते ऐकू आलं नाही. त्याचं नावही ठेवायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर घरात दोघी एकमेकींशी कमी बोलू लागल्या. जानकीच्या मनात गाडगं होतं. केसुलाच्या मनात ममता मॅडमनं पेन उघडलं तो क्षण होता. दोघींना एकमेकींचं ठाऊक होतं. मोतीबाईनं घागरा काढून पेटीत ठेवला आणि साधं लुगडं नेसू लागली.

मृग आला. टेकडी हिरवी झाली. बाया जळण आणायला जात, पण गुडघ्याच्या उंचीवर कुणी बघत नसे. भाद्रपदात पुन्हा ती जीप आली.

ममता वाळली होती. तिला बाळाचं कळलं होतं, खेमसिंगनं वाटेतच सांगितलं होतं. ती जानकीच्या दारात बराच वेळ उभी राहिली. जानकीनं तिला पाणी दिलं आणि आत निघून गेली.

"केसुला," ममता म्हणाली, "मी चांगलं म्हणून लिहिलं होतं ग."

केसुला अंगठ्यानं माती उकरत होती. मग तिनं विचारलं, "गोळ्या झाल्या काय?"

"नाही."

"इतकी नेली तरी?"

"पोती ओली भरली होती. गोदामात बुरशी लागली." ममतानं खाली पाहिलं. "सगळी फेकून द्यावी लागली."

"फेकून देल्ली?"

"हो."

केसुलानं ते दोनदा मनात म्हणून पाहिलं असावं. तिचे ओठ हलले.

"ऐक," ममता तिच्यासमोर खाली बसली. "एक जिवंत झाड मिळालं, एकच, तर त्याच्यापासून आम्हाला हजार करता येतात. काचेच्या बाटलीत. मी स्वतः आणून इथे लावीन. खरंच सांगते. तुझ्याशिवाय कुणाला सापडणार नाही ते."

ती खोटं बोलत नव्हती. मागच्या वेळीही बोलली नव्हती.

मोतीबाई ओट्यावर बसून ऐकत होती. तिनं कधी नव्हे ते पेटी उघडली, घागऱ्याच्या शिवणीतून एक लाल-निळा दोरा ओढून काढला आणि केसुलाच्या मुठीत दिला. "दिसली तं बांधून ये," एवढंच म्हणाली. "पुढच्या बाईले कळलं पाहिजे."

केसुला एकटी चढली. ममता जीपपाशी थांबली, मोतीबाई ओट्यावर.

ती जुन्या दोऱ्यांपाशी गेलीच नाही. ती सरळ माथ्याच्या मागच्या कड्याकडे गेली, जिथे कुणी खोदत नाही, कारण तिथे माती कमी आणि दगड फार. पाऊस नुकताच उघडला होता. दोन शिळांच्या फटीत, सागाच्या कुजक्या पानांतून, पांढरं फूल वर आलेलं होतं. दोन पानं, आणि एक फूल.

केसुला खाली बसली. तिनं आजूबाजूची सगळी झुडपं बघितली. फांदी न् फांदी बघितली. कुठेही दोरा नव्हता. इथे कधी कुणी कांदी घेतली नव्हती, म्हणून कुणी गाठ मारली नव्हती, आणि गाठ नव्हती म्हणून कुणाची कुदळ इथे आली नव्हती. हे तिला समजायला वेळ लागला नाही. ती टेकडीची पोर होती.

खालून ममताची हाक आली, लांबून, वाऱ्यात तुटत. मग मोतीबाईचीही आली. "दिसली काय व?"

केसुलानं मूठ उघडली. लाल-निळा दोरा घामानं ओला झाला होता. शेजारी धायटीची फांदी होती, गाठ मारायला अगदी सोयीची.

तिनं फूल खुडलं आणि तोंडात टाकून चावून गिळलं, म्हणजे ते दुरून कुणाला दिसू नये. दोन्ही पानांवर सागाची पानं पसरली, त्यांवर एक चपटा दगड तिरका ठेवला, पानांना उजेड मिळेल एवढी फट राखून. दोरा तिनं आपल्या वेणीत आत, कुणाला दिसणार नाही असा गुंतवला. नाल्यावर येऊन नखांतली माती धुतली. मग ती खाली उतरली, आधी ममता मॅडमसमोर आणि मग मोतीबाईसमोर उभी राहिली, आणि दोघींना एकच सांगितलं, "नाही दिसली."